रविवार, चार ते सहा

६ फेब्रुवारी, मंगळवार

ताईस,

पाया पडायला तू लांब आहेस, म्हणून इथूनच वाकलो असं समज.

घर सोडल्यापासून आठ महिन्यांतलं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना उत्तर नाही. म्हणजे एकतर ती पोचली नाहीत, किंवा पोचली आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर तू गिऱ्हाइकांची मापं लिहून टाकलीस. तसं असेल तर ऐक, या वेळी मी दोन्ही बाजूंनी लिहितोय. शोध आता दुसरा कागद.

बातमी अशी, की मला नोकरी लागली आणि टिकली. चार महिने झाले! तुला खरं वाटणार नाही. मलाही सकाळी उठल्यावर पाच मिनिटं वाटत नाही. मी एका सभागृहाचा व्यवस्थापक आहे. खाली मोठा हॉल, वर एक खोली, मागे नळ, आणि दोनशे खुर्च्या. लोक इथे काम करायला येत नाहीत, काम संपल्यावर येतात. सोमवारी बुद्धिबळ, मंगळवारी गाणं, बुधवारी विणकाम. ज्याला जो नाद त्याला ती वेळ. तू म्हणायचीस ना, की हा कायम रिकामटेकड्यांच्या मागे असतो? आता त्याचाच पगार मिळतो.

तुझ्या दुकानातल्या त्या दुसऱ्या शिलाई मशीनवर कोणी बसायला मिळालं का? (हे वाक्य खोडणार होतो, पण पेन पाठीमागे उमटलंय.)

आता मुद्दा. वरची खोली रविवारी चार ते सहा रिकामी झालीये. तिथे नाटकवाले बसायचे, त्यांचं आपसात फाटलं. ती वेळ एकाच मंडळाला द्यायचीये, आणि कोणाला ते ठरवायचं काम माझ्या गळ्यात आलंय. तेवीस मार्चला समितीची बैठक. तोवर मी एक नाव दिलं नाही, तर सेक्रेटरीबाई खोलीत जादाच्या खुर्च्या ठेवणार, रविवारी इमारतीला कुलूप लावणार, आणि मला तर मुळात रविवारसाठीच ठेवलेलं आहे. कळलं ना काय ते?

ते दुसरं मशीन आलं त्याच दिवशी मी बॅग उचलली, तेव्हा तू दारातून जे म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. "आयुष्यात एक गोष्ट निवडून दाखव, मग माझ्याशी बोल." तर निवडतोय. तेवीस मार्चपासून आपण बोलायला लागू, चालेल?

तुझी,
पायाला असते तीच,
भिंगरी


१५ फेब्रुवारी, गुरुवार

ताईस,

आधी एक दुरुस्ती. व्यवस्थापक हा शब्द मला जरा सैल पडतो. तुझ्याकडे आणला असता तर तू दोन्ही बाजूंनी आत घेतला असतास. माझ्याकडे किल्ल्या आहेत आणि खुर्च्या आहेत. त्या मांडायच्या, उचलायच्या, पुन्हा मांडायच्या. तरी दोनशे खुर्च्या एकावर एक अशा रचायच्या की कलंडणार नाहीत, ही काही कमी विद्या नाही.

माझ्या आधी इथे एक काका होते, तीस वर्षं. आता ते मुलीकडे राहतात. किल्ल्या देताना त्यांनी मला इथली एक पद्धत शिकवली. नवं मंडळ जागा मागायला आलं, की ते म्हणायचे, "मला तासभर तुमच्यात बसवा." वरच्या खोलीत दारावर मोठं घड्याळ आहे. त्या तासात आपली नजर किती वेळा घड्याळाकडे गेली ते मोजायचं, आणि कपाटाच्या दाराला आतून खडूच्या तेवढ्या रेघा मारायच्या. पाचाच्या आत असतील तर मंडळ पास. "तोंड खोटं बोलतं रे," म्हणाले, "मान नाही बोलत. विचारलंस तर जो तो म्हणतो, वा, फार छान. पण कंटाळला की मान वळतेच."

मला ते इतकं पटलं की मी त्यांना चहा पाजला. दोनदा.

तर रविवारच्या जागेसाठी पाच मंडळं आलीत. पहिलं गाठींचं. त्यातले मुख्य एक मामा आहेत, ज्यांनी आयुष्यभर ट्रकवर ताडपत्र्या बांधल्या. आता ट्रक नाहीत, पण हात थांबत नाहीत. त्यांनी मला एक गाठ शिकवली जी हत्तीने ओढली तरी सुटत नाही आणि लहान पोराने बोट घातलं की सुटते. माझी गाठ उलटी बसली. हत्तीचं माहीत नाही, पण मी अर्धा तास खुर्चीला बांधलेला होतो.

दुसरं जुने रेडिओ उघडणारे दोघे मेहुणे. एक म्हणतो बिघाड तारेत आहे, दुसरा म्हणतो तुझ्या डोक्यात आहे. रेडिओ कधीच लागत नाही, कारण लागला तर भांडायला काय उरणार?

तिसरं भूगोलाच्या बाईंचं. शाळेत त्या खऱ्या देशांचे नकाशे काढून घेतात, इथे नसलेल्या देशांचे. मी एक बेट काढलं आणि त्यावरचा डोंगर चुकून समुद्रात गेला. बाई म्हणाल्या, "राहू दे, तिथले लोक पोहत चढतात." ताई, शाळेत मला अशा बाई असत्या तर मी दहावीच्या पुढे नक्की गेलो असतो. निदान अकरावीच्या दारापर्यंत.

चौथं शीळ वाजवणाऱ्यांचं. त्यांचे मास्तर दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणतात, "आठवडाभर माझ्यासमोर लोक तोंड उघडतात ते फक्त ओरडायला. एक दिवस तरी तोंडातून काही बरं निघू दे."

आणि पाचवं, निवांत मंडळ. ते काहीच करत नाहीत. येतात, बसतात, जातात. त्यांचे आजोबा मला म्हणाले, "सगळे मला काहीतरी करायला लावतात बाबा. सून म्हणते चाला, मुलगा म्हणतो वाचा, डॉक्टर म्हणतो हसा. मला बसू द्या."

पाचही मंडळांत मी तास तास बसलो. आता तुला रेघा सांगतो. शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. कपाटाचं दार कोरं करकरीत. सगळेच पास. एवढं छान झालं, आणि आता मी काय करू?

तुझी भिंगरी


२६ फेब्रुवारी, सोमवार

ताईस,

सेक्रेटरीबाईंना सांगितलं. त्या उभ्याच होत्या, बसल्या.

"पाचही पास?"

"हो बाई."

"तू घड्याळाकडे एकदाही बघितलं नाहीस?"

"एकदा बघितलं. रेडिओवाल्यांकडे. पण ते तासाच्या वर वीस मिनिटं झाल्यावर, म्हणून धरलं नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी अजून तिथेच होतो. "तुला परीक्षक नेमणं म्हणजे उपाशी माणसाला चव विचारणं," म्हणाल्या.

चुकीचं नाही बोलल्या. तुला आठवतं, मी लहानपणी गवंड्यांकडे बघत उभा राहायचो आणि शाळा बुडायची? मग गवंड्यांचं काम संपायचं आणि मी सुतारांकडे. मला कंटाळा येतच नाही, हीच माझी गोची आहे. ज्याला कशाचाच कंटाळा येत नाही, तो निवडणार कशावरून?

मग मी विचारत सुटलो. लोक कशावरून ठरवतात, की आपली मोकळी वेळ यात घालायची आणि त्यात नाही? ताडपत्रीवाले मामा म्हणाले, "हात जिकडे जातात तिकडे." मेहुण्यांपैकी धाकटा म्हणाला, "बायको जिथे येत नाही तिथे." थोरला लगेच म्हणाला, "ती माझी बहीण आहे हे विसरू नकोस." सेक्रेटरीबाईंचं गणित सरळ आहे, किती माणसं येतात आणि वार्षिक फोटोत काय उठून दिसतं. "शीळ फोटोत दिसते का?" हा त्यांचा प्रश्न. तुला उत्तर येतंय का बघ.

आणि तू. तुझं मला पाठ आहे. "शेवटी हातात काय उरलं?" पत्ते खेळून आलो तरी हे, नदीवर जाऊन आलो तरी हे. एका लग्नात तू पिशवीतून अर्धवट परकर काढून काठ शिवत बसली होतीस, आठवतं? फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तू सुईच्या भोकाकडे. घड्याळ बघितल्याशिवाय तू पाणीसुद्धा पीत नाहीस.

म्हणून, ताई, रागावू नकोस, पण या कामाला तुझ्यासारखं माणूस दुनियेत नाही. एक दिवस ये. दहा मार्चला रविवार आहे. पाचही मंडळांत तासतासभर बस. मी कोपऱ्यात खडू घेऊन बसतो. तुझी मान जिथे सगळ्यांत कमी वळेल, ते मंडळ. मी तुला दुसरं काही विचारणार नाही. मशीनबद्दलही नाही.

सेक्रेटरीबाईंना विचारलं आहे. "तुझी बहीण तुझ्यावर गेलीये का?" म्हणाल्या. मी म्हटलं, मुळीच नाही. "मग येऊ दे."

भिंगरी


५ मार्च, मंगळवार

ताई!

तुझं कार्ड आलं. पोस्टमनला मी मिठी मारणार होतो, पण त्याने सायकल आडवी धरली.

पाच वाक्यांचं कार्ड. मी इतक्यांदा वाचलं की आता न बघता लिहून दाखवतो. "रविवारी साडेनऊला पोचते. परतीची बस सहाची आहे. जेवण करू नकोस, तुला येत नाही. डबा आणते. दिवस वाया गेला तर तुझी खैर नाही."

तू कार्डावर सही केली नाहीस. पण "तुला येत नाही" हीच तुझी सही.

वरची खोली झाडून ठेवलीये. पुन्हा झाडतो.

भिं.


११ मार्च, सोमवार

ताईस,

काल तू होतीसच, पण तू स्वतःला बघितलं नाहीस. मी बघितलं. म्हणून सांगतो.

गाठवाल्या मामांकडे तू दहा मिनिटांत सगळ्या गाठी शिकलीस आणि मग त्यांना सांगत बसलीस की याहून सोपी कशी मारायची. मामा खूश, पण तुझी मान आठ वेळा वळली. रेघा आठ.

मेहुण्यांकडे तू म्हणालीस, "तुम्ही दोघं गप्प बसलात तर रेडिओ आपोआप लागेल." चौदा रेघा.

भूगोलाच्या बाईंनी तुला कोरा कागद दिला. तू विचारलंस, "नसलेल्या गावात शिंपी कुठे बसतो?" बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तिथे." तू चौकात एक दुकान काढलंस, दोन खिडक्यांचं, एका खिडकीत एक मशीन, दुसऱ्या खिडकीत दुसरं. मग तो कागद उलटा ठेवलास. मी तो उलटून बघितला, क्षमा कर. अकरा रेघा.

मग आपण डबा खाल्ला. तू म्हणालीस मी वाळलोय. मी म्हटलं तू पण. एवढंच बोललो आपण, नाही? मी दिवसभर मनात चाळीस वाक्यं जुळवून ठेवली होती.

जेवणानंतर निवांत मंडळ. तू बसलीस, पर्स मांडीवर, पाठ ताठ. पाच मिनिटांत तुझी मान घड्याळाकडे न वळता खाली गेली. तासभर तू झोपलीस, ताई. तोंड थोडं उघडं. आजोबांनी सगळ्यांना खूण केली, हळू श्वास घ्या. मी तुला दिवसा झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं. शून्य रेघा.

आणि शेवटी शीळवाले, साडेचार ते साडेपाच. तुझ्याकडून काही व्हायचं नाही, हे मला आधीच माहीत होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या ओठांत टाचण्या असतात, त्या ओठांना शीळ कशी येणार? दातांचे डॉक्टर सांगत होते, "जीभ खालच्या दातांना टेकवा, ओठ असे, जसा गरम चहा फुंकतो." तुझा नुसता फू फू वारा. समोरच्या बाईंचा पदर हलला, आवाज काही नाही. आणि तुझी मान! दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे. तुला बस चुकेल म्हणून धास्ती असणार. तेवीस रेघा, ताई. कपाटाच्या दारावर एवढ्या रेघा कुणालाच नव्हत्या.

स्टँडवर तू म्हणालीस, "खोलीची खिडकी नीट लागत नाही, बघून घे." आणि बस निघाली. तू खिडकीतून हात हलवलास की केस मागे घेतलेस, ते मला नक्की कळलं नाही. मी मात्र हलवला.

तर निकाल लागला. शून्य रेघा, निवांत मंडळ. उद्या सकाळी सेक्रेटरीबाईंकडे नाव देतो. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट निवडली. म्हणजे, तू निवडलीस, झोपेत. पण खडू माझ्या हातात होता.

भिंगरी


१८ मार्च, सोमवार

ताई,

तुझं पत्र आज अकराला मिळालं. पाठपोट चार पानं! मी मागच्या नळाजवळ बसून वाचलं, नळ सुरूच राहिला, माळीबुवा ओरडले.

तुझंच तुला परत वाचून दाखवतो, कारण तू पत्र पेटीत टाकल्यावर तुला धसका बसला असणार, की आपण काय लिहून बसलो. हे लिहिलंयस:

"अरे येड्या, निवांत मंडळात मी झोपले कारण मी दमले होते. झोप म्हणजे आवड नव्हे. आणि शीळवाल्यांकडे तू बसची धास्ती म्हणतोस? बस मला दिवसभरात एकदाही आठवली नाही. मी घड्याळ बघत होते कारण अजून किती वेळ उरलाय ते बघत होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा छप्पन्न मिनिटं होती, बरं वाटलं. मग चाळीस. मग वीस, आणि मला अजून एकही सूर आला नव्हता. लहानपणी अंगणात खेळताना आई दारात येऊन उभी राहिली, की आपण तिच्याकडे कसं बघायचो? तसं बघत होते. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा एक आवाज निघाला. तुला ऐकू आला नाही, तू रेघा मारत होतास."

ताई, मी खरंच रेघा मारत होतो.

आणि पुढचं. ते वाचून मी नळ बंद केला. "मी तुझ्यावर रागावले होते असं तुला वाटतं. राग नव्हता. तू गवंड्यांकडे बघत उभा राहायचास ना, तेव्हा मी तुला हाताला धरून ओढत न्यायचे, आणि नेताना मागे वळून मीही बघायचे. तुला ते कधी दिसलं नाही. मला तुझा हेवा वाटायचा. दुसरं मशीन तुझ्यासाठी घेतलं ते तुला काम मिळावं म्हणून थोडं आणि तू माझ्यासारखा व्हावास म्हणून जास्त. हे मला आत्ता लिहिताना कळलं, बसमध्येही कळलं नव्हतं. मशीन मी पुढच्या गल्लीतल्या मुलीला दिलं. ती छान चालवते."

मी काकांच्या पद्धतीबद्दल विचार करत बसलो. तीस वर्षं त्यांनी रेघा मारल्या. त्यांतल्या किती कंटाळ्याच्या आणि किती "अजून थोडं राहू दे"च्या? रेघ दोन्हीची सारखीच दिसते.

पण घोळ झालाय, ताई. निवांत मंडळाचं नाव मी मंगळवारीच देऊन टाकलंय. बैठक शनिवारी. पत्र इथेच थांबवतो, आजोबांकडे जायचंय. त्यांच्याकडून दिलेली जागा काढून घ्यायची, हे मी आयुष्यात कुणाच्या बाबतीत केलेलं नाही. मी कायम सगळ्यांना हो म्हणतो आणि गाव सोडतो.

भि.


२४ मार्च, रविवार

ताईस,

क्रमाने सांगतो. क्रम मला जमत नाही, पण हे तुला नीट कळायला हवं.

सोमवारी आजोबांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते, चेहरा पडलेला. मी म्हटलं, "आजोबा, त्या खोलीबद्दल जरा बोलायचं होतं."

"बोल. मला पण बोलायचंय."

"तुम्ही आधी."

"नाही, तू आधी."

असं पाच मिनिटं चाललं. शेवटी तेच म्हणाले, "अरे, आम्हाला वाटलं होतं नाही मिळणार. आता मिळाली म्हणजे दर रविवारी चारला यायलाच लागणार ना? हजेरी लागणार. न येणाऱ्याची चौकशी होणार. एकाने तर वहीसुद्धा आणली. बाळा, काहीच न करण्याचं आमचं काम झालं!" त्यांनी माझा हात धरला. "काढून घेतोस का परत? तुझे उपकार होतील."

मी हसलो, मग तेही हसले, मग सून बाहेर आली बघायला. चहा झाला.

म्हणजे एक धोंड उतरली. पण खरी धोंड शनिवारी. समितीत सात जण, टेबलाच्या टोकाला सेक्रेटरीबाई. मी म्हटलं, निवांत मंडळ माघार घेतंय, आणि माझं नाव शीळवाल्यांना.

"रेघा किती?"

"तेवीस."

"सगळ्यांत जास्त. म्हणजे सगळ्यांत नापास."

मी तुझं पत्र खिशातून काढलं. विचारायला वेळ नव्हता, ताई, काय ते नंतर बोल. छप्पन्न मिनिटांपासून सुरू केलं आणि "तू रेघा मारत होतास" तिथे थांबलो. बाकीचं तुझं आणि माझं आहे, ते वाचलं नाही.

मग समितीतले एक भले गृहस्थ, पोट मोठं, मन त्याहून मोठं, म्हणाले, "अरे, कशाला एकालाच द्यायची? पाळीपाळीने देऊ. एक रविवार गाठी, एक रविवार नकाशे, एक रेडिओ, एक शीळ. सगळे खूश. तू पण."

ताई, हे माझ्यासाठीच कापून शिवलेलं होतं. कुणालाही नाही म्हणायचं नाही! माझ्या ओठांवर "हो" आलं होतं. पण मला दातांच्या डॉक्टरांचं एक आठवलं, त्यांनी तुलाच सांगितलं होतं: ओठ एका आठवड्याचं लक्षात ठेवतात, महिन्याचं नाही. महिन्यातून एकदा शिकणाऱ्याला प्रत्येक वेळी नुसता वारा.

"नाही," मी म्हटलं. "दर रविवार, शीळवाले. सहा महिने. मग पुन्हा बघू."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडे बघितलं. "आणि बाकी तिघांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"तोंडावर?"

"तोंडावर."

मग त्या बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "लिहून घ्या. शीळ, रविवार, चार ते सहा. फोटोचं बघू, गाल फुगलेले दिसतील."

आज सकाळपासून तेच करत फिरलो. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, मग माझ्या घरी बसतो आम्ही, बायको ओरडेल तेवढं ओरडेल." मेहुण्यांत थोरल्याने धाकट्याला दोष दिला आणि धाकट्याने थोरल्याला, मला कोणी काही बोललंच नाही. भूगोलाच्या बाईंनी मात्र समोरचा नकाशा गुंडाळायला घेतला. त्यांना लागलं ते, मला दिसलं. मी पळून जायच्या बेतात होतो, पण उभा राहिलो. नकाशा गुंडाळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांनी पुन्हा विचारीन." मी म्हटलं, जरूर विचारा. हे पण नुसतं बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही.

एकाला हो म्हणायचं म्हणजे चौघांच्या घरी चालत जावं लागतं, हे मला तेवीस वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी गवंड्यांकडे बघत असणार.

पुढच्या रविवारी पहिला वर्ग. बाकी मी काही लिहीत नाही. तू काय करायचं ते तू ठरव, तुझी मान, तुझे ओठ.

भिंगरी


३१ मार्च, रविवार

ताई,

ही चिठ्ठी पोस्टाने नाही, पायरीपायरीने हातोहात वर डॉक्टरांकडे पाठवतोय. तू वरच्या खोलीत आहेस आणि मी खाली पायऱ्यांवर. मला आत यायचं होतं, पण पायऱ्यांवर निवांत मंडळ येऊन बसलंय, आजोबा म्हणतात, वरून आवाज छान येतो आणि इथे हजेरी नाही. त्यांना ओलांडून यायचं म्हणजे त्यांना उठवावं लागेल.

दुकान बंद करून आलीस हे सकाळी तू सांगितलंस तेव्हा मी फक्त "बरं" म्हणालो. मला अजून खूप म्हणायचं होतं. आता रात्रीपर्यंत वेळ आहे, तू राहणार आहेस, जेवताना म्हणतो. स्वयंपाक मी करणार नाही, घाबरू नकोस.

साडेपाच वाजता वरून खूप जणांची मिळून एक शीळ आली, आणि ती थांबल्यावर मागे एक राहिली, एकटीच. जरा वाकडी, जरा कापरी, पण सूर होता. आजोबांनी डोळे उघडले. मी वर बघितलं.

ती तूच होतीस ना? नसलीस तरी हो म्हण.